क्रेट परत जातो, पिशवी का नाही?

२३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली, तीन महिन्यांची मुदत दिली आणि २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार दंड, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं कारण तेव्हा भीती त्याचीच होती. पण त्याच अधिसूचनेत आणखी एक गोष्ट होती आणि माझ्या मते ती बंदीपेक्षा मोठी होती. दुधाची रिकामी पिशवी परत केली की ५० पैसे परत मिळणार होते, आणि पाण्याच्या बाटलीवरही परताव्याची किंमत छापायची होती. बंदी म्हणजे "हे वापरू नका". परतावा म्हणजे "वापरा पण परत आणा", आणि ही पूर्ण वेगळी अर्थव्यवस्था आहे. आज इतकी वर्षं झाली, मला सांगा तुमच्यापैकी कितीजणांनी दुकानात पिशवी देऊन ५० पैसे घेतलेत? मी तरी एकाही दुकानात तो व्यवहार होताना बघितलेला नाही.

ते का चाललं नाही हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण "लोकांनाच शिस्त नाही" हे उत्तर मला अजिबात पटत नाही. दुकानदाराच्या बाजूने बघा. गिऱ्हाईक ओली, आंबूस वासाची, कोपरा कापलेली पिशवी घेऊन येणार, ती ठेवायची कुठे, मोजायची कोणी, दुपारी उन्हात वास सुटला की शेजारच्या मालाचं काय करायचं, आणि एवढं करून दुकानदाराला सुटणार काय तर काहीच नाही. डिस्ट्रिब्युटर ती नेणार का, नेली तर कंपनी त्याला पैसे कधी देणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. ग्राहकाला रोजच्या एका पिशवीमागे महिन्याला पंधरा रुपये. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, परत आलेल्या त्या पिशवीचं कंपनीला काही करायचंच नव्हतं. ती पुन्हा भरता येत नाही. ज्या वस्तूची मालकाला गरज नाही ती परत आणायला कोण कशाला धडपडेल?

आता त्याच दुकानासमोर पहाटे साडेपाचला उभं राहून बघा. दुधाचा टेम्पो येतो, ड्रायव्हरबरोबरचा मुलगा भरलेले क्रेट उतरवतो आणि उतरवून झाले की कालचे रिकामे क्रेट एकावर एक रचून टेम्पोत चढवतो. मोजून. एक कमी भरला तर दुकानदाराला हाक मारून विचारतो, शेठ एक क्रेट कमी आहे, आणि तो क्रेट मागे कुठे टोपल्या ठेवायला घेतलेला असतो तो रिकामा करून द्यावा लागतो, नाहीतर वहीत बाकी चढते. क्रेटवर डेअरीचं नाव उठवलेलं असतं. तो प्लास्टिकचाच आहे, पिशवीही प्लास्टिकचीच आहे, दोन्ही एकाच टेम्पोतून एकाच दुकानात आले, पण क्रेट वर्षानुवर्षं फिरतो आणि पिशवी त्याच दिवशी कचऱ्यात जाते. फरक प्लास्टिकचा नाही, शिस्तीचा नाही, संस्कारांचा तर नाहीच नाही. क्रेट डेअरीच्या मालकीचा आहे आणि पिशवी तुम्ही विकत घेतलीय, एवढाच फरक आहे.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. पुन्हा वापरायच्या वस्तूंची अर्थव्यवस्था आपल्याकडे आहे, चालू आहे, नफ्यात आहे, फक्त ती धंद्या-धंद्यातच फिरते आणि ग्राहकाच्या दारात येऊन थांबते. नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटो मार्केटला जा, सगळा व्यवहार २० किलोच्या कॅरेटवर चालतो, आणि ते रिकामं कॅरेट हा शेतकरी, आडत्या आणि व्यापारी यांच्यातल्या हिशोबाचाच एक भाग असतो. बेकरीचे पावाचे ट्रे रोज परत जातात. बारदानाचा तर स्वतंत्र बाजार आहे, जुनं बारदान शिवून, झटकून पुन्हा विकणारे व्यापारी आहेत. मंडपवाल्याकडून लग्नाला पातेली, परात, झारे, ओगराळी, ताटं मोजून येतात आणि मोजून जातात, एक डाव कमी भरला तर डिपॉझिटमधून कापतात, आणि प्रत्येक भांड्यावर त्याच्या मंडप डेकोरेटर्सचं नाव ठोकलेलं असतं. बिअरच्या रिकाम्या बाटल्या भंगारवाल्यांमार्फत गोळा होतात, धुतल्या जातात आणि पुन्हा भरल्या जातात, हे तर आपल्या देशात इतकं सवयीचं आहे की त्याला कुणी पर्यावरण वगैरे म्हणत नाही. मुंबईचे डबेवाले १८९० पासून भरलेला डबा नेतात आणि रिकामा त्याच दिवशी घरी पोचवतात. यातलं काहीही कुणी पृथ्वी वाचवायला सुरू केलेलं नाहीये. वस्तू कुणाची तरी होती आणि त्याला ती परत हवी होती.

घरात येणारी अशी एकच वस्तू मी सांगू शकते जिच्यावर हा नियम अगदी पूर्ण लागू आहे, गॅस सिलेंडर. तुम्ही कधी रस्त्याच्या कडेला, नाल्यात, डोंगरावर टाकून दिलेला घरगुती गॅसचा सिलेंडर बघितलाय? १४.२ किलोच्या सिलेंडरचं डिपॉझिट जून २०२२ पासून २२०० रुपये आहे, त्याआधी १४५० होतं. सिलेंडर कंपनीचा, गॅस तेवढा तुमचा. हँडलच्या पट्टीवर आतल्या बाजूला ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि पुढे वर्ष रंगवलेलं असतं, म्हणजे कोणत्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीपर्यंत त्याची तपासणी व्हायलाच हवी ते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. बघा किती विचार केलाय, एक भांडं कितीतरी अनोळखी घरांतून फिरणार म्हणून त्याच्या अंगावरच त्याच्या तब्येतीचा दाखला लिहून ठेवलाय. आपण कुणीही "मला माझाच जुना सिलेंडर परत द्या" म्हणत नाही, शेजारच्या तालुक्यात वापरलेला सिलेंडर आपल्या ओट्याखाली सुखाने येतो. आणि ज्यांना डिपॉझिट परवडत नव्हतं त्यांचं उज्ज्वला योजनेत सरकारने भरलं, १० कोटींपेक्षा जास्त जोडण्या झाल्या. म्हणजे "गरिबाला डिपॉझिट झेपणार नाही" या आक्षेपाचं उत्तरही आपल्याकडे आधीच दिलेलं आहे, फक्त ते दुसऱ्या खात्यात आहे म्हणून आपण बघत नाही.

कोल्ड्रिंकचंही तेच. तीस-चाळिशीच्या पुढच्या लोकांना आठवत असेल, २००३ च्या आसपास कोका-कोलाने २०० मिलीची बाटली ५ रुपयांना आणली, "पाच" म्हणून मोठी जाहिरात केली, आणि ती गावागावात पोचली. ती काचेची होती, परत करायची होती. तिथेच उभं राहून प्यायची आणि बाटली परत क्रेटमध्ये. ५ रुपयांत विकणं जमलं त्याचं एक मोठं कारण हे की त्या ५ रुपयांत बाटलीची किंमत नव्हती, बाटली कितीतरी लोक मिळून वापरत होते. म्हणजे कंपनीला जेव्हा सगळ्यात गरीब गिऱ्हाईकापर्यंत पोचायचं होतं तेव्हा तिने काय निवडलं ते बघा. पुढे प्लास्टिकची पेट बाटली आली, ती हलकी, फुटत नाही, लांब नेता येते, परत आणायची कटकट नाही, आणि कंपनीच्या दृष्टीने सगळ्यात सोयीचं म्हणजे रिकामी बाटली हा तिचा प्रश्नच उरला नाही. तो नगरपालिकेचा झाला, कचरा वेचणाऱ्या बाईचा झाला, नदीचा झाला. याच कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये जगाला सांगितलं होतं की २०३० पर्यंत आम्ही किमान २५ टक्के पेयं पुन्हा वापरता येणाऱ्या पॅकिंगमधून विकू, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नवी उद्दिष्टं जाहीर केली तेव्हा त्यातून ते गायब होतं. कुणी आपणहून दिलेल्या शब्दावर या गोष्टी चालत नाहीत. कायदाच लागतो.

आता जे लोक म्हणतात की पूर्वीचं सगळं चांगलं होतं, काचेच्या बरण्या, कापडी पिशव्या, सुटं तेल, त्यांच्याशीही मला वाद घालायचाय, कारण या विषयाचं सगळ्यात जास्त नुकसान त्या हळवेपणाने केलंय. पॅकिंग काही उगाच आलं नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, ड्रॉप्सीची, म्हणजे अंगाला सूज येणाऱ्या आजाराची, साथ आली, साठच्या वर माणसं गेली, आणि त्यानंतर सुट्या तेलावर बंदी आली. सील बंद पाकीट म्हणजे लोकांसाठी भरवसा होता. सुटं विकणाऱ्याने मापात मारलं, भेसळ केली, तर गरीब माणूस कुणाकडे दाद मागणार? तेव्हा "दुकानात आपापला डबा घेऊन जा" हे उत्तर मला अपुरं वाटतं. ज्याच्याकडे वेळ आहे, गाडी आहे, ओळखीचा दुकानदार आहे, त्याला ते जमतं. कामावरून सात वाजता सुटून लोकल पकडणारी बाई पिशवीत तीन रिकाम्या बरण्या घेऊन हिंडणार नाही आणि तिने का हिंडावं. पॅकिंग सील बंदच हवं, नाव-गाव-तारीख छापलेलंच हवं, फक्त ते पॅकिंग एकदा वापरून फेकायचं नको, एवढीच मागणी आहे. आणि नियमही आडवा येत नाही. अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत खाद्यतेलासाठी वापरलेले पत्र्याचे आणि प्लास्टिकचे डबे पुन्हा वापरायला मनाई आहे, आणि ती बरोबरच आहे, पण इतर खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी काचेच्या बाटल्या आणि ५ लिटर किंवा त्याहून मोठे टिकाऊ प्लास्टिकचे कॅन नीट स्वच्छ करून पुन्हा वापरायची वाट मोकळी ठेवलीय.

तसंच स्टीलच्या बाटल्यांचं. हल्ली प्रत्येक कार्यक्रमात, ऑफिसात, वाढदिवसाला स्टीलची बाटली भेट मिळते, घरोघरी सात-आठ पडलेल्या असतात. बाटली स्टीलची आहे म्हणून काही होत नाही, ती फिरली पाहिजे, कितीदा भरली गेली ते महत्त्वाचं. काचेचंही तसंच आहे, एकदाच वापरून फोडलेली काचेची बाटली प्लास्टिकच्या बाटलीपेक्षा पर्यावरणाला महाग पडते, कारण ती बनवायला भट्टी लागते आणि वाहून न्यायला डिझेल. वीस-तीस फेऱ्या झाल्या की गणित बदलतं. म्हणून जी वस्तू जवळच्या जवळ भरली जाते, दूध, पाणी, सोडा, ताक, तेल, तिथे आधी सुरुवात करायची. हिमाचलमधून आलेल्या सफरचंदाच्या रसाच्या बाटलीवर आत्ताच हट्ट धरण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र मला ठासून सांगायचीय आणि ती या विषयावरच्या लेखांत सहसा येत नाही. थर्माकोलची ताटं, प्लास्टिकचे ग्लास, कागदी द्रोण हे घराघरात शिरले त्याचं एक मोठं कारण म्हणजे भांडी कोण घासणार हा प्रश्न. सत्यनारायणाला ऐंशी माणसं जेवायला, हळदीकुंकवाला शंभर बायका, गणपतीत रोज येणारे-जाणारे, आणि मागच्या मोरीत बसून रात्री अकरापर्यंत घासणारी घरातली सून किंवा कामाला येणाऱ्या मावशी. पहिल्यांदा ज्या बाईने "आपण यंदा डिस्पोजेबलच आणू" म्हटलं असेल तिची चूक मी काढणार नाही. तिला विश्रांती हवी होती आणि घरातल्या दुसऱ्या कुणी उठून हात लावला नव्हता. म्हणून पुन्हा वापराची चळवळ जर "वहिनी, आता स्टीलची ताटं काढा" एवढ्यावर येऊन थांबणार असेल तर ती पुन्हा बायकांच्याच कंबरेवर उभी राहणार आणि मग ती टिकणारही नाही, टिकू नयेच. धुणं हे घराबाहेर गेलं पाहिजे, ते पगारी काम झालं पाहिजे, मशीनवर झालं पाहिजे. लग्नात आपण मंडपवाल्याची भांडी आणतो तेव्हा मोठी पातेली त्याचीच माणसं घासतात की नाही? मग ताट-वाटी-पेल्यांचंही तसंच करता येईल. ताटं स्वच्छ येतील, खरकटी जातील, घरातल्या कुणाला हात लावायला लागणार नाही, त्याचे ताटामागे काही रुपये घ्या. तालुक्याच्या गावात बचत गटाने असं भांडार चालवलं, पाण्याची सोय आणि धुवायचं मशीन नगरपालिकेने दिलं, तर कागदी प्लेटीच्या तोडीस तोड भावात ते बसवता येईल असं मला मनापासून वाटतं, कारण कागदी प्लेट दर वेळी विकत घ्यावी लागते आणि ताट एकदाच.

पुण्यात शिकायला राहिलेल्यांना खानावळीचा डबा माहीत असेल. काकू डिपॉझिट घेऊन दोन डबे तुमच्या नावाने ठेवायच्या, भरलेला आला की रिकामा द्यायचा, झाकणावर ऑइलपेंटने नंबर. डबा हरवला तर नवीन डब्याचे पैसे. ते पोळीभाजीचं वर्गणीचं जेवण होतं म्हणून जमत होतं हे खरंय, रोज तेच गिऱ्हाईक, तोच पत्ता. आता अॅपवरून जेवण येतं, काळ्या प्लास्टिकच्या डब्यात, आणि ते डबे टाकवत नाहीत म्हणून आपण ओट्याखाली साठवतो, कडीपत्ता ठेवायला एक, मिरच्यांना एक, बाकीचे वीस तसेच. पण विचार करा, अॅपकडे तर काकूंपेक्षा जास्त माहिती आहे. तुमचा पत्ता, नंबर, पैसे कापायची सोय, आणि पुन्हा चार दिवसांनी तुमच्याच दारात येणारा डिलिव्हरी पार्टनर, सगळं आहे. काकूंना जे वही-पेन्सिलवर जमलं ते यांना जमत नाही असं नाही, यांना करायला कुणी लावलेलं नाही. जर्मनीत लावलंय. तिथे जानेवारी २०२३ पासून पार्सल देणाऱ्या हॉटेलांना पुन्हा वापरायच्या डब्याचा पर्याय ठेवावाच लागतो, छोट्या दुकानांना सवलत आहे. ट्यूबिंगेन नावाच्या गावाने तर २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या कपावर आणि डब्यावर ५० सेंट कर लावला, मॅकडोनाल्ड्स चालवणारी बाई कोर्टात गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने गावाला हा कर लावायचा अधिकार आहे असा निकाल जाहीर केला.

जर्मनीचं नाव निघालंच आहे तर त्यांचं चांगलं आणि वाईट दोन्ही शिकण्यासारखं आहे. चांगलं हे की १९६९ मध्ये तिथल्या मिनरल वॉटरवाल्यांच्या सहकारी संस्थेने एकच ०.७ लिटरची काचेची बाटली ठरवली, अंगावर मण्यांसारखे उठाव असलेली, आणि वेगवेगळ्या झऱ्यांचे मालक तीच बाटली वापरायला लागले. लेबल प्रत्येकाचं वेगळं, बाटली सगळ्यांची एक. त्यामुळे रिकामी बाटली तिच्या मूळ कारखान्यापर्यंत तीनशे किलोमीटर न्यायची गरज राहिली नाही, जवळच्या कुठल्याही कारखान्यात धुवून भरता येते. अशी काचेची बाटली तिथे पन्नासेक वेळा भरली जाते. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवीन वाटावं असं काही नाही, कारण सहकारी संस्था, संघ, गावोगावची संकलन केंद्रं हे आपलं अंगवळणी पडलेलं काम आहे. जिल्ह्या-जिल्ह्याचे दूध संघ आणि खासगी डेअऱ्यांनी मिळून एक लिटर आणि अर्धा लिटरची एकच बाटली ठरवली, काचेची, तर काय अशक्य आहे? मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीत येत होतं, वर पातळ पत्र्याचं झाकण, रिकामी दिली की भरलेली मिळायची. आरेची एनर्जी तर कितीतरी वर्षं स्टॉलवर उभं राहून पिऊन बाटली तिथेच परत करत लोक प्यायले.

वाईट हे, की जर्मनीने २००३ मध्ये एकदा वापरायच्या बाटल्यांवरही २५ सेंट डिपॉझिट लावलं आणि बाटल्या परत येण्याचं प्रमाण जवळजवळ पूर्ण झालं, पण मोठ्या स्वस्त सुपरमार्केटांनी त्याच वेळी एकदा वापरायच्या पेट बाटल्यांचा सपाटा लावला. बाटली परत येते, तिचा चुरा होतो, पुन्हा वितळवतात. कायद्यात पुन्हा भरायच्या बाटल्यांचं लक्ष्य ७० टक्के लिहिलेलं आहे आणि प्रत्यक्षात ते कित्येक वर्षं ४०-४५ च्या घरात अडकलंय. म्हणजे डिपॉझिट लावलं की आपोआप पुनर्वापर होतो असं नाही. परत येणं वेगळं आणि पुन्हा भरलं जाणं वेगळं. हा फरक आपल्याकडे आत्ताच समजून घ्यायला हवा कारण आपल्याकडे आता डिपॉझिटच्या योजना यायला लागल्या आहेत. केदारनाथला २०२२ पासून प्लास्टिकच्या बाटलीवर १० रुपये जास्त घेऊन बाटली परत केल्यावर देतात. निलगिरीत त्याच वर्षी सरकारी दारू दुकानांतून दर बाटलीमागे १० रुपये डिपॉझिट सुरू झालं, मद्रास हायकोर्टाच्या रेट्याने, कारण जंगलात फुटलेल्या काचा हत्तींच्या पायात जात होत्या, आणि तिथे बाटल्या खरोखर परत यायला लागल्या. गोव्याने २०२४ मध्ये डिपॉझिट परताव्याची योजनाच अधिसूचित केली. या सगळ्याचं मी स्वागत करते. दहा रुपये म्हटल्यावर माणूस बाटली परत आणतो हे सिद्ध झालं आणि "भारतीय लोक करणारच नाहीत" म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं. पण प्लास्टिकची बाटली गोळा करून चुरा करणं हा अर्धाच रस्ता आहे. डिपॉझिट फेकायच्या आणि पुन्हा भरायच्या दोन्ही बाटल्यांवर लावा, आणि वर फेकायच्या बाटलीवर जादा कर लावा, पुन्हा भरायच्या बाटलीवर तो नको, तरच कंपनीचं गणित फिरेल.

आणि न परत आलेल्या बाटल्यांचं डिपॉझिट कुणाचं? हा प्रश्न फार लहान वाटतो पण सगळी मेख इथे आहे. ते पैसे जर कंपनीकडे राहणार असतील तर बाटल्या परत न येण्यातच कंपनीचा फायदा, आणि मग परत घेणारी केंद्रं लांब, बंद, "मशीन खराब आहे" अशी होणार. ते पैसे वेगळ्या निधीत जायला हवेत, धुण्याच्या केंद्रांसाठी आणि दुकानदाराच्या कमिशनसाठी. दर बाटलीमागे दुकानदाराला काहीतरी मिळालंच पाहिजे, फुकट कोण करेल. २०१८ मध्ये त्याच्या कष्टाचा मोबदला कुणी धरलाच नाही.

दुसरं, परतावा बाटली आणणाऱ्याला मिळाला पाहिजे, विकत घेणाऱ्यालाच असं नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातूनच पुढे स्वच्छ ही कचरा वेचकांची सहकारी संस्था आली, २००८ पासून ती महापालिकेबरोबर दारोदारचा कचरा गोळा करतेय. शहरातली कुठली बाटली कुठे जाते, कशाला काय भाव येतो हे या बायकांना जितकं माहीत आहे तितकं कुठल्याही कन्सल्टंटला माहीत नाही. उद्या डिपॉझिट आलं आणि सगळ्या बाटल्या थेट मॉलमधल्या मशीनमध्ये गेल्या तर त्यांच्या हातातली सगळ्यात चांगली भावाची वस्तू जाईल. म्हणून गोळा करण्याचं, निवडण्याचं, धुण्याच्या केंद्रांचं काम त्यांना करारात लिहून दिलं पाहिजे, हातमोजे, मजुरी, विमा सकट. नुसतं "रोजगार निर्माण होईल" म्हणू नका, कुणाचा होईल ते लिहा.

पाणी खूप लागेल, असं बरेचजण म्हणतात आणि मराठवाड्यातल्या माणसाने हे म्हटलं तर ते ऐकून घेतलंच पाहिजे. पण घरात नळाखाली बाटली धुणं आणि कारखान्यात धुणं यात फार फरक आहे. तिथे गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्याच्या टाकीतून बाटल्या जातात, शेवटच्या खळखळीचं पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरतात, मग प्रत्येक बाटली तपासून तडा गेलेली बाजूला काढतात. कोल्ड्रिंकच्या आणि बिअरच्या कारखान्यांत हे आपल्याकडे रोज चाललंय. टंचाईच्या तालुक्यात केंद्र टाकू नका, जिथे पाणी आणि सांडपाण्याची सोय आहे तिथे टाका, एवढं नियोजन तर जमायला हवं.

हे सगळं स्वप्नरंजन नाही हे सांगायला एकच गोष्ट पुरे. केंद्र सरकारने १६ फेब्रुवारी २०२२ ला प्लास्टिक पॅकेजिंगसाठी उत्पादकांच्या जबाबदारीचे नियम काढले त्यात पुनर्वापराची सक्ती लिहिलेलीच आहे, २०२५-२६ पासून. कडक प्लास्टिकच्या पॅकिंगपैकी ०.९ लिटर ते ४.९ लिटरमध्ये पहिल्या वर्षी १० टक्के, वाढत वाढत २०२८-२९ ला २५ टक्के. ४.९ लिटरच्या वरच्यांना ७० पासून ८५ टक्के. वरचा आकडा मोठा दिसतो पण २० लिटरचे पाण्याचे जार आधीच फिरतात, त्यामुळे तिथे फार काही करावं लागणार नाही. खरी परीक्षा मधल्या गटाची, एक लिटरची पाण्याची बाटली, फिनेल, भांड्यांचा साबण. आणि ०.९ लिटरच्या खाली तर काहीच सक्ती नाही, म्हणजे लग्नात प्रत्येक खुर्चीवर ठेवलेली, दोन घोट पिऊन सोडलेली २०० मिलीची पाण्याची बाटली या नियमातून पूर्ण सुटली. दुधाची पिशवी कडक प्लास्टिक नाही म्हणून तीही सुटली.

या नियमाचं पहिलं वर्ष २०२५-२६ हे आहे. कोणत्या कंपनीने महाराष्ट्रात किती बाटल्या पुन्हा भरल्या, कुठल्या केंद्रावर धुतल्या, हे कंपनीच्या नावानिशी लोकांना बघता आलं पाहिजे, नुसती राज्याची बेरीज नको. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने ते जिल्हावार छापावं, आणि विधानसभेत २०१८ च्या त्या ५० पैशांचं पुढे काय झालं, किती पिशव्यांचे परतावे किती लोकांना दिले गेले, हा प्रश्न कुठल्यातरी आमदाराने लेखी विचारावा. मी माझ्या आमदारांना पत्र लिहिलंय, तुमच्या मतदारसंघात तुम्ही लिहा.